दंतवैद्याचे दोन आश्रयदाते संत
(जुबिली समारंभात केलेले भाषण)



जुबिलीच्या दिवशी आपण देवळाच्या दगडाविटांची, वेदीची व घंटेची आठवण काढतो, हे योग्यच आहे. परंतु धर्मग्राम म्हणजे केवळ देऊळ नव्हे. माणसांचे धंदे व छंद हेही त्यात आलेच. म्हणून आज आम्ही एका साध्या मनुष्याविषयी बोलण्याचे योजिले आहे. बेल्जममधील आर्देनच्या वनप्रदेशात सेंट-ह्यूबर्ट नावाचे लहानसे नगर आहे. तेथील एखादा दंतवैद्य डोळ्यांपुढे आणा. आठवडाभर तो लोकांचे दात पाहतो आणि सुटी मिळताच बंदूक खांद्यावर टाकून आपल्या कुत्र्यांसह रानात शिरतो. अशा मनुष्यास एक नव्हे, दोन आश्रयदाते संत लाभले आहेत.

पहिली संत अपोलोनिया. इ. स. २४९ च्या सुमारास आलेक्झांड्रिया नगरात जमाव ख्रिस्ती लोकांवर तुटून पडला, तेव्हा ही वृद्ध कुमारिका त्यांच्या हाती सापडली. त्यांनी तिचे दात पाडले आणि देवनिंदा न केल्यास जिवंत जाळू, असा धाक घातला. तिने क्षणभर मोकळीक मागितली व स्वतःच अग्नीत उडी घेतली. तेथील बिशप दिओनिसियस यांनी ही हकीकत पत्रात लिहिली व इतिहासकार युसेबियस यांनी ती जतन केली. चित्रकार ह्या रक्तसाक्षिणीच्या हाती दात धरलेला चिमटा देतात. ९ फेब्रुवारी हा तिचा सण. दाढदुखीने तळमळणारे लोक शतकानुशतके तिचा धावा करीत आले आहेत.

परंतु दंतवैद्य केवळ धावा करून स्वस्थ बसले नाहीत. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील होरेस वेल्स या दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. पुढे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने रोग्यास ईथर दिले व शस्त्रक्रिया वेदनेवाचून होऊ शकते हे जगास दाखविले. शस्त्रक्रियेच्या वेळी आपणांस जी गाढ झोप लाभते, तिच्यासाठी आपण ह्या धंद्याचे ऋणी आहोत.

दुसरे संत ह्यूबर्ट, लिएजचे बिशप. ते ७२७ साली मरण पावले. आख्यायिका अशी की, शुभ शुक्रवारी लोक देवळात असता हे शिकारीस गेले. पाठलागातील सांबर एकाएकी वळून उभे राहिले आणि त्याच्या शिंगांमध्ये त्यांना तेजस्वी क्रूस दिसला. हीच कथा पूर्वी संत युस्टेस यांच्याविषयी सांगत असत. पुढे ती ह्यूबर्टांस जोडली गेली. कथा कोणाचीही असो, बोध एकच: मनुष्याचा उगारलेला हात थांबविण्याचा अधिकार ईश्वरास आहे. आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातील शिकारीस बंदीच आहे. शिकाऱ्याच्या छंदापैकी कुत्र्याची सोबत तेवढी आपल्या वाट्यास उरली, आणि ती काही थोडी नव्हे.

८२५ साली ह्यूबर्टांचे अवशेष आर्देनमधील मठात नेण्यात आले व त्यांवरून त्या नगरास नाव पडले. ३ नोव्हेंबरच्या सणास तेथे पाव व कुत्री यांना आशीर्वाद देण्याची चाल आहे. पूर्वी पिसाळलेले कुत्रे चावले म्हणजे लोक ‘संत ह्यूबर्टची किल्ली’ तापवून जखम डागीत. त्यांस हसू नये. त्या काळच्या वैद्यांपाशीही याहून फारसा बरा उपाय नव्हता. पुढे ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलास आपली लस टोचविण्यास आरंभ केला आणि तो मुलगा वाचला. तेव्हापासून किल्ली ठेवून देता आली. संतास मात्र कोणी सोडले नाही.

बंधुभगिनींनो, हे सांगण्याचे कारण आहे. हा रोग आपल्या देशातून गेलेला नाही, आणि त्याची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे रोगी बहुधा हाती लागत नाही. म्हणून कुत्र्याने चावा घेतला, नुसते ओरखडले, तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, तिला चुना किंवा तिखट लावू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. दारच्या कुत्र्यासही दरवर्षी टोचून घ्यावे. मुलांस हे आजच घरी सांगा.

संतांपाशी मागणे आणि उपाय करणे, यांत विरोध नाही. प्रार्थना आपल्या हाताला धीर देते व हात प्रार्थनेची सेवा करतो. आमच्या त्या दंतवैद्यास हे ठाऊक असावे, आणि ह्या जुबिलीच्या वर्षी आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घरास ते ठाऊक व्हावे, एवढेच आमचे प्रभूचरणी मागणे आहे.