पडद्यावरचा नमुना आणि त्यामागचें काम

संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळांत रंगमंचावर राजवाड्याचा रंगविलेला पडदा सोडीत असत. त्यावरील महाद्वार इतकें हुबेहूब असे कीं, पिटांत बसलेल्या प्रेक्षकास तें आतां उघडेल असें वाटावें. परंतु त्या दारास बिजागरी नसे, कडी नसे, आणि पलीकडे दालनहि नसे. संगणकाच्या प्रोग्रामाचा जो पहिला नमुना गिऱ्हाइकापुढें मांडला जातो, त्याची जात बहुतांशीं हीच. बटणें दिसतात, नांवगांव लिहिण्याचे रकाने दिसतात, बटण दाबतांच पुढचें चित्रहि येतें. मात्र रकान्यांत लिहिलेलें कोठेंच साठविलें जात नाहीं, आणि पुढचें चित्र आधींच काढून ठेवलेलें असतें. यांत लबाडी नाहीं. लोकांस काय सोयीचें पडेल हें थोड्या खर्चांत पाहून घ्यावें, याचसाठीं नमुना असतो. अडचण येते ती नंतर. पाहणाऱ्यास वाटतें कीं काम झालें; करणारा जाणतो कीं तें अद्याप सुरूहि व्हावयाचें आहे.

कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा होती. तेथें १९७३ पासून आल्टो नांवाचा संगणक चालत असे; त्याच्या पडद्यावर खिडक्या उघडत आणि हातांतील माउसनें त्या हलवितां येत. डिसेंबर १९७९ मध्यें ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्झ यांनीं हा प्रकार पाहिला. ही हकिकत सांगणारे बहुधा एवढेंच सांगतात कीं, ॲपलनें तेथील कल्पना उचलली आणि बाजारांत विकली. कल्पना उचलली हें खरें. पण तिचें विकाऊ यंत्र, म्हणजे लिसा, बाहेर पडावयास जानेवारी १९८३ कां उजाडला, हें विचारणारा विरळा.

प्रथम माउसच घ्या. झेरॉक्सचा माउस नाजूक होता व त्याची किंमत कित्येक शे डॉलर पडे. जॉब्झ यांनीं डीन होवी या तरुण अभियंत्यास अट घातली कीं, माउस पंधरा डॉलरांच्या आसपास व्हावा, टिकावा, आणि साध्या टेबलावरच काय, मांडीवरच्या जाड विजारीवरहि चालावा. होवी यांनीं लोण्याच्या डबींत काखेच्या सुगंधी द्रव्याच्या बाटलींतला गोळा बसवून पहिला नमुना उभा केला. तो झटपट झाला. वेळ खाल्ला तो पुढच्या गोष्टींनीं. गोळ्यावर दाब न देतां तो मोकळा फिरूं द्यावयाचा. त्याचें फिरणें प्रकाशाच्या साह्यानें मोजावयाचें. सुटे भाग प्लास्टिकच्या एकाच सांगाड्यांत अचूक बसवावयाचे. आणि आंत धूळ जाणारच, म्हणून खालची चकती फिरवून गोळा काढून पुसतां येईल अशी सोय ठेवावयाची. नमुन्याला कधीं धूळ लागत नाहीं.

खिडक्यांची गोष्ट याहून मौजेची. मेजावरील कागदांप्रमाणें एका खिडकीवर दुसरी येते. वरची दूर केली कीं खालचा झांकलेला भाग पुन्हां रेखाटावा लागतो. तो भाग कधीं चौकोनी, कधीं वेडावांकडा. हें क्षणार्धांत करावयाचें आणि यंत्राची स्मृति तर तुटपुंजी. ॲपलचे बिल ॲटकिन्सन यांची समजूत अशी कीं, झेरॉक्सकडे हें साधलेलें आहे, तेव्हां आपणांसहि साधलेंच पाहिजे. अशा आकारांचें गणित थोडक्या जागेंत व वेगानें करण्याची युक्ति त्यांनीं शोधून काढली. वस्तुतः झेरॉक्सच्या त्या नमुन्यांत खालची खिडकी माउसनें टिचकल्याशिवाय पुन्हां रेखाटलीच जात नसे, आणि अर्धवट झांकलेल्या खिडकींत प्रोग्रामाला कांहीं काढतांहि येत नसे. नमुन्याचा असाहि एक उपकार होतो!

हीच गोष्ट आज घरोघरीं अनुभवास येते. विजेचें बिल मोबाइलवर भरणारा गृहस्थ ‘पैसे भरा’ हें बटण दाबतो, आणि नेमका त्याच क्षणीं संपर्क तुटतो. पैसे गेले कीं राहिले? तो पुन्हां बटण दाबतो, आणि खात्यांतून दोनदां रक्कम जाते. नमुन्यांत हें घडत नाहीं. तेथें संपर्क तुटत नाहीं आणि पैसेहि खरे नसतात. चालत्या प्रोग्रामांत प्रत्येक भरण्यास स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. तोच क्रमांक पुन्हां आला कीं बँकेकडील यंत्र ‘हें झालेलेंच आहे’ असें ओळखून दुसरी रक्कम घेत नाहीं. ही योजना पडद्यावर कोठेंच दिसत नाहीं, म्हणून तिच्यासाठीं वेळ मागणारा कारागीर उगीच दिरंगाई करतो असें मालकास वाटतें. अंध माणसासाठीं पडदा वाचून दाखविणारें साधन असतें. चित्राच्या बटणास नांव दिलेलें नसेल तर त्याला नुसतें ‘बटण, बटण’ ऐकूं येतें. मराठीपुरतें बोलावयाचें तर, इंग्रजी अक्षरांच्या मापानें आंखलेल्या ओळींत वरच्या मात्रा व खालचे उकार छाटले जातात. ‘कूळ’ आणि ‘कुळ’ यांतला फरकहि मग दिसेनासा होतो.

फ्रेडरिक ब्रूक्स यांनीं १९७५ च्या आपल्या ग्रंथांत या कष्टाचा अदमास दिला. एखाद्यानें स्वतःपुरता लिहिलेला प्रोग्राम कोणाच्याहि हातीं देण्याजोगा करावयाचा तर श्रम तिप्पट. इतर प्रोग्रामांशीं जुळवून चालवावयाचा तरीहि तिप्पट. दोन्ही हवें तर नऊपट. पहिली कृति फेकून देण्याच्या तयारीनेंच करावी, असाहि सल्ला त्यांनीं दिला होता. १९९५ च्या आवृत्तींत त्यांनीं तो स्वतःच दुरुस्त केला: एकदां फेकून दुसऱ्यांदा बांधण्यापेक्षां काम थोडेंथोडें वाढवीत न्यावें. दुसरा सल्ला अधिक शहाणपणाचा खरा. पण घाईनें जोडलेल्या नमुन्यावरच मजले चढविणारे लोक पाहिले म्हणजे पहिल्याचीहि आठवण ठेवावीशी वाटते.

आतां तर साध्या बोलींत मागणी सांगितली कीं कृत्रिम बुद्धीचीं साधनें तासाभरांत देखणा नमुना पुढें ठेवतात. रंगविलेलें दार ओळखणें त्यामुळें अधिकच कठीण झालें आहे. यावर जुना तोडगा असा कीं, नमुना मुद्दाम ओबडधोबड दाखवावा. जावा या संगणकभाषेसाठीं केन आर्नोल्ड यांनीं ‘नॅपकिन’ नांवाचें आवरण तयार केलें होतें. त्यांत बटणें व रेघा हातानें खरडल्यासारख्या दिसत, म्हणजे वरिष्ठांनीं काम पुरें झालें असें समजूं नये!

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठीं आयबीएम कंपनीनें खेळाडूंचे बोललेले निरोप साठवून पोंचविणारी यंत्रणा उभी केली. आरंभीं कार्यालयाच्या रहदारीच्या वाटेवर एक पोकळ नळकांडें ठेवून त्यावर चित्रें व सूचना चिकटविल्या, आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांची टीका ऐकून त्या पुनःपुन्हां बदलल्या. तो नमुना. पुढें खरी यंत्रणा तयार झाल्यावर विद्यार्थ्यांना बोलावून सांगण्यांत आलें कीं, वाटेल तें करा आणि ही बंद पाडून दाखवा.