मजुरीचा हुकूम आणि जिल्ह्याची वेस



या व्याख्यानमालेसाठी मी विषय कळवला तेव्हा चिटणीसांचे मोठे सौजन्यपूर्ण उत्तर आले. "विषय महत्त्वाचा आहे, पण वैशाखातल्या उकाड्यात श्रोत्यांना तो पेलेल का, याचा विचार व्हावा," असे त्यांनी लिहिले होते. त्यांची शंका रास्त आहे. कलमे आणि पोटकलमे ऐकायला कोणी घरून निघत नाही. परंतु माझी सारी वकिली कामगारांची बाजू मांडण्यात गेली, आणि या वयात मला दुसरे काही बोलता येत नाही. तेव्हा थोडे सोसावे, ही विनंती.

प्रश्न साधा आहे. एका माणसाने काम केले, मालकाने मजुरी बुडवली, कामगार कोर्टात गेला आणि जिंकला. त्याच्या हातात शिक्क्याचा कागद आला. आता पैसे कोण देणार? मालक देत नसेल तर कोण घेऊन देणार? आणि मालक दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात किंवा समुद्रापलीकडे गेला असेल तर त्या कागदाची किंमत किती?

हे दुखणे जुने आहे. हिंदुस्थानात वादीच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असा अभिप्राय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली देऊन ठेवला आहे. तो सावकार-जमीनदारांच्या दाव्यातला होता. जमीनदाराला थांबणे परवडते. रोजंदारीवरच्या माणसाचे काय होते, हे सांगायला प्रिव्ही कौन्सिलची गरज नाही.

आपली राज्यघटना या बाबतीत उदार आहे. अनुच्छेद २६१ सांगतो की भारतातल्या कोणत्याही भागातील दिवाणी न्यायालयाचा अंतिम निर्णय कायद्यानुसार देशात कोठेही अंमलात आणता येतो. पुण्याच्या दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा घेऊन तुम्ही सुरतेला जाऊ शकता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ प्रमाणे पुण्याचे कोर्ट तो तिकडच्या कोर्टाकडे पाठवते आणि तिकडचा बेलीफ जप्तीला निघतो. वाट लांबची आहे, पण आहे. मात्र त्या अनुच्छेदातले दोन शब्द पाहा: 'दिवाणी न्यायालय'. मजुरीचे बहुतेक हुकूम दिवाणी न्यायालय देतच नाही. ते देतो वेतन कायद्याखालचा प्राधिकारी किंवा कामगार न्यायालय, आणि ही मंडळी नावाने न्यायालय असली तरी कायद्याच्या नजरेत पुरती न्यायालये नव्हेत.

याचा एक मौजेचा दाखला देतो. बेळगावकडच्या अथणीच्या नगरपालिकेतल्या कामगारांनी जादा कामाचे आणि सुट्टीच्या दिवसांचे पैसे मागितले. नगरपालिका म्हणाली, मागणी मुदतबाह्य आहे. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मुदतीच्या कायद्यातले ते कलम न्यायालयापुढच्या अर्जांपुरते आहे, आणि कामगार न्यायालय हे त्या अर्थाने न्यायालय नव्हे. म्हणून मुदतीची आडकाठी नाही. कामगार जिंकले, आम्हा सर्वांना आनंद झाला. पण तलवार दुधारी होती. 'न्यायालय नव्हे' म्हणून मुदतीची अडचण टळते, तशीच 'न्यायालय नव्हे' म्हणून बेलीफही मिळत नाही. मग वसुली करायची कोणी?

कायदा करणाऱ्यांनी उत्तर शोधले ते इंग्रजी अमदानीच्या अनुभवातून. त्या सरकारचा सर्वांत बळकट हात कोणता, तर सारा वसूल करणारा. म्हणून औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली ३३-सी हे कलम आले. कामगाराचे येणे सरकारने दाखल्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे आणि त्याने ते जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करायचे. महसुलाच्या थकबाकीला काय होते हे तुमच्यापैकी खेड्यातून आलेल्यांना सांगायला नको. मागणीची नोटीस, मग जंगम मालाची अटकावणी आणि विक्री, मग स्थावराची जप्ती, आणि शेवटी प्रत्यक्ष थकबाकीदाराला अटक. आपल्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत हे सारे आहे. १९३६ च्या वेतन कायद्याने निराळी वाट धरली होती: हुकमाची रक्कम मॅजिस्ट्रेटने दंडासारखी वसूल करायची. दोन्ही वाटा कागदावर भक्कम दिसतात. अडचण येते ती वेशीवर.

कारण जिल्हाधिकाऱ्याचा अधिकार जिल्ह्यापुरता. मालक वेस ओलांडून गेला की ठाण्याच्या तहसीलदाराचा हात तेथे पोहोचत नाही. यासाठी एक कायदा आहे, आणि तो १८९० सालचा आहे: महसूल वसुलीचा कायदा. थकबाकीदार किंवा त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर पहिल्या जिल्हाधिकाऱ्याने ठराविक नमुन्यात दाखला करून तिकडे पाठवायचा. त्यातला मजकूर खरा मानायचा. आणि दुसऱ्याने ती आपल्याच जिल्ह्यातली थकबाकी समजून वसूल करायची. पुढचे कलम तर मला फार आवडते. "मी हे देणे लागत नाही" असे थकबाकीदाराला म्हणायचे असेल, तर त्याने आधी लेखी निषेध नोंदवून पैसे भरायचे आणि मग दावा करायचा. तोही स्वतःच्या गावी नव्हे, तर ज्या जिल्ह्यातून दाखला आला तेथे. म्हणजे एरवी जो हेलपाटा कामगाराच्या नशिबी असतो, तो येथे बुडव्याच्या पायी बांधला आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात कामगार नव्हता, सरकारचा खजिना होता, हे उघडच आहे. आपल्याला त्याचा फायदा उसना मिळाला.

आता व्यवहार सांगतो. माझ्याकडे एका लहान कारखान्याचे अकरा कामगार आले होते. मालकाने एका रात्री यंत्रे ट्रकात घालून शेजारच्या राज्यात नेली. सकाळी फाटकाला कुलूप. तीन महिन्यांचा पगार राहिला होता. कामगार न्यायालयाने हिशेब करून रक्कम ठरवून दिली. त्याला किती वर्षे लागली ते बोलत नाही. दाखला निघाला, जिल्हाधिकाऱ्यांकडून तहसीलदारांकडे, तेथून तलाठ्याकडे गेला आणि शेरा घेऊन परत आला: 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. नावावर मिळकत आढळून येत नाही.' शेरा शंभर टक्के खरा होता! तो इसम तेथे राहत नाही हेच तर आम्ही दोन वर्षे सांगत होतो.

मग १८९० च्या कायद्याचा अर्ज केला. कारकून भला माणूस होता. त्याने मला प्रामाणिकपणे विचारले, "साहेब, हा कायदा अजून चालू आहे का?" मी छापील प्रत नेऊन दिली. दाखला परराज्यात गेला. पाच महिन्यांनी परत. का, तर सही जिल्हाधिकाऱ्यांची नाही, आणि ज्यांची आहे त्यांना तसा अधिकार दिल्याचा लेखी हुकूम सोबत नाही. आक्षेप चुकीचा नव्हता. सही दुसऱ्या अधिकाऱ्याची चालते, पण लेखी अधिकार लागतो. हुकूम जोडून पुन्हा पाठवला. या वेळी आक्षेपही आला नाही आणि पैसेही नाहीत. स्मरणपत्रे मात्र नियमाने जात होती.

तेव्हा मी स्वतः त्या कचेरीत गेलो. तेथील अधिकाऱ्याने मला चहा दिला आणि खरे काय ते सांगितले. त्याच्यावर स्वतःच्या जिल्ह्याच्या वसुलीचे उद्दिष्ट होते. मार्चअखेर वरून विचारणा होई ती त्या आकड्याची. परराज्यातल्या अकरा माणसांची रक्कम वसूल केली काय नि न केली काय, त्याला कोणी विचारणार नव्हते. मला त्याचा राग आला नाही. ज्या कामाचा जाब कोणी घेत नाही, ते फायलीच्या तळाशी जाते. कायद्याने 'वसूल करावे' म्हटले आहे. 'न केल्यास कोणाला, किती दिवसांत कळवावे' हे म्हटलेले नाही. माझ्या मते सारी मेख येथे आहे, आणि ती कलमांपेक्षा कचेऱ्यांच्या रीतीत अधिक आहे.

आता नव्या वेतन संहितेविषयी. २०१९ साली मंजूर झालेली ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. १९३६ चा वेतन कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा तिच्यात विलीन झाले. तिच्यात चांगले आहे ते आधी सांगतो. दावा करायला तीन वर्षांची मुदत मिळाली. पूर्वी १९३६ च्या कायद्यात ती बारा महिने आणि किमान वेतनाच्या कायद्यात सहाच महिने होती. प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. बुडवलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. आणि मालकाने पैसे न दिल्यास प्राधिकाऱ्यानेच वसुलीचा दाखला काढायचा आहे. दंडासारखी वसुली गेली, महसुलाची वाट कायम झाली. पण हा दाखला कोणाकडे जायचा? ज्या जिल्ह्यात आस्थापना आहे तेथील जिल्हाधिकाऱ्याकडे. म्हणजे माझ्या कामगारांचे कुलूप लावलेले फाटक जेथे होते, तेथेच. यंत्रे जेथे गेली तेथे जायला पुन्हा १८९० चेच बोट धरायचे. जुन्या वेतन कायद्यात १७-ए हे कलम होते: मालक पैसे चुकवण्याच्या बेतात आहे असे दिसले तर निकालाआधीच त्याची मालमत्ता अटकावून ठेवता येई. ते फारसे वापरले गेले नाही, हा दोष कलमाचा नव्हता. नव्या संहितेत त्याला वारस ठेवलेला नाही, याचे मला वाईट वाटते. ट्रक निघण्यापूर्वी अडवता येतो. नंतर त्याच्या मागे धावण्यात माझ्यासारख्यांची उमर जाते.

ठेकेदाराकडच्या कामगारांना एक आधार अधिक आहे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात आले, आणि नव्या संहितांतही ते टिकले आहे. ठेकेदार पळतो, पण ज्याची इमारत बांधली तो इमारत घेऊन पळू शकत नाही. म्हणून माझे तरुण वकिलांना सांगणे असते की अर्जात ठेकेदाराबरोबर मूळ मालकाचे नाव पहिल्याच दिवशी घाला.

आपल्याकडचा उसतोडीचा प्रश्न याहून अवघड आहे. बीड-अहिल्यानगरकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात. काही सांगली-कोल्हापूरला, काही सीमा ओलांडून कर्नाटकात. मुकादमाने आधीच उचल दिलेली असते, त्यामुळे हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तो उलटा: येणे कामगाराचे नसून मुकादमाचेच निघते. कारखाना म्हणतो आमचा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो कारखान्याने कपात केली. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती. काम संपवून आपल्या राज्यात परतलेल्या कामगाराने सहा महिन्यांच्या आत अर्ज केला, तर त्याचा वाद त्याच्याच राज्यात चालवता येई. चैत्रात परतलेला माणूस पुन्हा निघेपर्यंत बरोबर तेवढाच काळ घरी असतो. पण ही तरतूद माहीत असलेला उसतोड कामगार मला एकही भेटला नाही. आणि निकाल बीडमध्ये लागला असता तरी कारखाना कर्नाटकातच. पुन्हा वेस, पुन्हा दाखला. तो कायदाही आता नव्या संहितांत विलीन झाला आहे.

समुद्रापलीकडची गोष्ट थोडक्यात सांगतो. रत्नागिरी-रायगडकडची पुष्कळ माणसे आखातात आहेत. परकीय कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयात थेट बजावता येतो. पण तो सरकारने जाहीर केलेल्या देशाचा असेल तर. संयुक्त अरब अमिरातींचे नाव त्या यादीत जानेवारी २०२० मध्ये आले. दुबईच्या कोर्टात पगाराचा निकाल मिळवलेला कामगार, मालक हिंदी असेल आणि त्याचा बंगला ठाण्यात असेल, तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात दरखास्त करू शकतो. सौदी अरेबियाचे नाव त्या यादीत नाही. तेथल्या निकालावर येथे नवा दावा लावावा लागतो. आणि मालकाची येथे काहीच मिळकत नसेल, तर यादी कितीही लांब असून उपयोग नाही.

कंपनीच दिवाळ्यात निघाली तर निराळेच. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे प्रकरण दाखल करून घेतले की साऱ्या वसुल्या थांबतात, तुमचा महसुली दाखलासुद्धा. कंपनी मोडीत निघाली तर कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या येण्याला तारणवाल्या सावकारांच्या बरोबरीची जागा आहे. परंतु मागणी वेळेत नोंदवली पाहिजे, आणि ती नोंदवायची जाहिरात कामगार वाचतो त्या पत्रात येतेच असे नाही.

त्या अकरा जणांचे काय झाले, हे मध्येच राहिले. त्यांच्यापैकी एक फिटर, जेमतेम सातवी शिकलेला. त्याने काय करावे? त्या राज्यात कामाला असलेल्या मेव्हण्याकडे सुट्टीत जाऊन राहिला, यंत्रे कोणत्या शेडमध्ये आहेत ते पाहून आला, वीज कोणाच्या नावावर आहे ते विचारून आला, आणि मालकाच्या शेताचा सर्व्हे नंबर एका चिठोऱ्यावर लिहून आणला. तो नंबर घालून आम्ही तिसऱ्यांदा अर्ज केला. 'मिळकत आढळत नाही' असे लिहायला या वेळी जागाच नव्हती. शेतावर जप्तीची नोंद होताच आठवड्याभरात रक्कम भरली गेली. तोवर एक कामगार वारला होता, त्याचे पैसे बायकोने अंगठा देऊन घेतले. दोघांचा पत्ता लागला नाही. त्यांची रक्कम मी माझ्याकडे नोंदेपर्यंत सरकारजमाच राहिली होती. मागच्या पावसाळ्यात त्यांतल्या एकाचा मुलगा, कोठून तरी ऐकून, वडिलांचे कार्डे घेऊन माझ्या दारी आला. दुसऱ्याची वाट अजून पाहतो आहे.