एक वाचणारा, घरभर ऐकणारे

एकाने मोठ्याने वाचायचे आणि घरातल्या बाकीच्यांनी ऐकायचे, ही मराठी घरांतली जुनी रीत आहे. पावसाळ्यात चातुर्मास सुरू झाला की घरात 'पोथी लागे'. मुंबईत गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत ही रीत गावाकडून आलेल्या माणसांबरोबर चाळींत आली. तिथे जागा थोडी, दिवा एक, पुस्तक एक आणि पुष्कळदा नीट वाचता येणारा माणूसही एकच. सामुदायिक वाचन म्हणजे निवांत घरांची हौस, असे आज वाटते. या भागांचा इतिहास वेगळे सांगतो. वेळ, जागा, अक्षरओळख आणि पैसा या सगळ्यांचीच टंचाई होती, म्हणून इथे वाचन एकट्याचे राहिले नाही.

या वाचनासाठी मजकूर आधीपासून तयार होता. श्रीधर कवीचा 'हरिविजय' १७०२ सालचा, 'रामविजय' १७०३चा, 'पांडवप्रताप' १७१२चा आणि 'शिवलीलामृत' १७१८चा. हे ग्रंथ ऐकण्यासाठीच रचलेले आहेत. ओवी साडेतीन चरणांची असते. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक येते, चौथा चरण आखूड असतो आणि तिथे वाचणाऱ्याला श्वास घेता येतो. कथा अध्यायांत विभागलेली असते. 'रामविजया'चे अध्याय ४०, 'हरिविजया'चे ३६ आणि 'शिवलीलामृता'चे १४. रोज एक अध्याय घेतला तर रामकथा चातुर्मासाच्या चार महिन्यांत सहज पुरी होते आणि एखादा दिवस चुकला तरी गाडी अडत नाही. श्रीधराची भाषा सोपी आहे. तरीही घरातले एखादे जाणते माणूस मध्येच थांबवून अर्थ सांगे. म्हणजे वाचणारा, अर्थ सांगणारा आणि हुंकार देणारे अशी कामांची वाटणी आपोआप होई.

पोथी घरोघर पोचली ती छपाईमुळे. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याची सुबक अक्षरे घरोघर ओळखीची झाली. हाताने नक्कल केलेली पोथी ज्यांना कधी परवडली नसती, त्यांच्या घरातही आता छापील पोथी लाल कापडात बांधून फळीवर ठेवलेली दिसू लागली.

अशा वाचनाचे एक विश्वसनीय वर्णन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी वडिलांची, रामजी सकपाळ यांची, आठवण सांगितली आहे. रामजी लष्करात होते, कबीरपंथी होते आणि घरात त्यांची शिस्त कडक होती. रोज रात्री झोपण्यापूर्वी भीमराव आणि त्यांचा थोरला भाऊ यांनी महाभारत किंवा रामायणाचा काही भाग मोठ्याने वाचायचा, असा त्यांचा नियम होता. ऐकायला बहिणी असत आणि कथा ऐकण्यासाठी घरी जमलेली इतर माणसेही असत. ही प्रथा बरीच वर्षे चालली. पुढे हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत राहिले.

या आठवणीत आणखी एक गोष्ट आहे. मुलगा नुसता वाचत राहिला नाही. हे ग्रंथ आपल्याला का वाचायला लावता, असा प्रश्न त्याने वडिलांना विचारला. लहान मानली गेलेली माणसे कोणत्या उंचीवर पोचू शकतात हे द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी यांच्या कथांवरून कळावे आणि मुलांच्या मनातला न्यूनगंड जावा, असा आपला हेतू वडिलांनी सांगितला. मुलाचे त्यावर समाधान झाले नाही. पुढे कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ते वाचल्यावर बौद्ध साहित्याची ओळख आपल्याला आधी का करून दिली नाही, असेही त्याने वडिलांना विचारले. मोठ्याने वाचलेला मजकूर सगळ्यांसमोर येतो, त्यामुळे त्यावर सगळ्यांसमोर प्रश्नही विचारता येतो. घरच्या वाचनातून श्रद्धा जशी रुजते तशी चिकित्साही रुजू शकते, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

परळ-लालबागच्या घरांची मापे पाहिली म्हणजे या वाचनाला लागणारी जागा कळते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीची सुधारणा करण्यासाठी १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि तिच्या आद्याक्षरांवरून ओळखल्या जाणाऱ्या बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. १९२०नंतर वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी, चाळी बांधल्या गेल्या. त्यांतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यातच चूल, अंथरुणे, ट्रंका आणि पाहुणे. अशा खोलीत एकाने मनातल्या मनात वाचायला कोपरा मिळत नाही. पण एकाने मोठ्याने वाचले तर खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाते, शिवाय दार उघडे असेल तर गॅलरीत बसलेल्या शेजाऱ्यांनाही.

वेळेची अडचण गिरणीच्या पाळ्यांमुळे होती. घरातला एक माणूस पहिल्या पाळीला, दुसरा दुसऱ्या पाळीला आणि एखादा रात्रपाळीला. गावाकडून एकटे आलेले कामगार गावकीच्या खोलीत राहत, खाणावळीत जेवत आणि पाळीनुसार आळीपाळीने झोपत. सगळे एकाच वेळी घरात असतील असा दिवस विरळा. म्हणून माणसे जमण्याची वाट न पाहता वाचनाची वेळ ठरलेली असे. दिवेलागणीनंतर किंवा जेवणे उरकल्यावर जे हजर असतील त्यांनी ऐकायचे. रात्रपाळीमुळे ज्याचा अध्याय चुके, त्याला काय झाले ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळे. ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना सांगणाऱ्याच्या मनात ती पक्की होते, हा त्यातला जादा फायदा.

कामगार आणि वाचन यांचा असाच संबंध जगात इतरत्रही दिसतो. क्यूबातल्या हवानात १८६५ सालापासून सिगार कारखान्यांत एक वाचक उंच आसनावर बसून काम चालू असताना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचत असे. त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून देत. सिगार वळण्याचे काम हाताचे आणि शांत, म्हणून ते जमले. मुंबईच्या गिरणीत साचेखात्याचा खडखडाट असा, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही खुणांनी बोलावे लागे. त्यामुळे इथे वाचन चाळीत, नाक्यावर आणि खाणावळीत झाले.

तिथे पोथीबरोबर वर्तमानपत्र आले. १८८१ साली सुरू झालेला 'केसरी' एकजण वाची आणि भोवतालचे ऐकत. जुलै १९०८मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते, तरी टिळक कोण आणि शिक्षा कशासाठी, हे त्यांना माहीत होते. पुढे गिरगावातून निघणारा 'नवाकाळ' १९२३ साली आणि आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १९५६ साली आला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत 'मराठा'चा अग्रलेख म्हणजे मोठ्याने वाचण्याचाच मजकूर होता. १९५१च्या जनगणनेत देशातल्या दर १०० माणसांपैकी सुमारे १८ माणसे साक्षर होती आणि दर १०० बायकांपैकी जेमतेम ९. साक्षर माणूस मुंबईत अधिक भेटे, तरी वर्तमानपत्राचा एक अंक अनेकांच्या कानांवर जाणे ही नेहमीचीच गोष्ट होती.

पत्र हा तिसरा मजकूर. गावाहून आलेले कार्ड चाळीतल्या शाळकरी मुलाकडून वाचून घेत. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, इथपासून सुरू होणारे ते चार ओळींचे पत्र दोनदा-तीनदा ऐकले जाई. मनीऑर्डरच्या फॉर्मवर मजकुरासाठी एक लहानसे कुपन असे. त्यात मावेल एवढेच लिहायचे आणि गावी पोस्टमनने ते वाचून दाखवायचे. पत्र वाचणाऱ्या मुलाला घराघरांतली दुखणी, कर्जे, लग्ने लवकर कळत. वाचलेले बाहेर बोलायचे नसते, ही समजही त्याला त्याच वयात येई.

अडचणीच्या काळात अशा वाचनाची गरज वाढते. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले. पगार थांबला, अनेक कुटुंबे गावी गेली, भोंगा बंद पडला आणि दिवसाची घडी विसकटली. अशा वेळी वर्तमानपत्र विकत घेणे म्हणजे खर्च, आणि बातमी न कळणे म्हणजे घोर. एक अंक सगळ्यांनी मिळून ऐकला तर खर्च वाटला जातो आणि घोरही वाटला जातो. घरात मृत्यू झाल्यावर सुतकाच्या दिवसांत काही कुटुंबांत गरुडपुराण वाचण्याची पद्धत आहे. त्यामागे धार्मिक श्रद्धा आहे आणि एक व्यावहारिक शहाणपणही आहे. ज्या दिवसांत कोणाला काय बोलावे हे सुचत नाही, त्या दिवसांत पोथी बोलते आणि सगळ्यांना एकत्र बसायला निमित्त मिळते.

धार्मिक ग्रंथांच्या पलीकडचे वाचनही हळूहळू घरात आले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली मुंबईतून पहिला दिवाळी अंक काढला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालीच स्थापन झाले होते. पुढे दादर-गिरगावच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांनी महिन्याच्या वर्गणीवर दिवाळी अंक घरोघर पोचवले. अंक ठरावीक दिवसांत परत करायचा असतो आणि घरात वाचणारे चौघे असतात, तेव्हा निवडक कथा एकाने सगळ्यांना वाचून दाखवणे सोयीचे पडते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' तर रात्रींमध्येच विभागली आहे. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. पोथीतल्या अध्यायाची जागा इथे रात्रीने घेतली. प्रत्येक रात्र थोड्या पानांची आहे, त्यामुळे ती एका बैठकीत संपते.

ऐकण्याचा मुलांना होणारा फायदा शिक्षणशास्त्रानेही मान्य केला आहे. अमेरिकेत १९८५ साली वाचनाच्या शिक्षणावर एक महत्त्वाचा राष्ट्रीय अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे मुलांना वाचनात यश यावे यासाठी त्यांना मोठ्याने वाचून दाखवण्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण साधे आहे. लहान मुलाचा कान त्याच्या डोळ्यांच्या पुढे असतो. जे त्याला अजून वाचता येत नाही, ते ऐकून समजते. शिवाय घरातले बोलणे भाजी, लोकल आणि अभ्यास यांच्याभोवती फिरते. पुस्तकातली भाषा त्याहून रुंद असते, तिच्यात लांब वाक्ये आणि घरात कधी न आलेले शब्द येतात. ते शब्द ओळखीच्या आवाजात कानावर पडले की परके वाटत नाहीत. रेडिओवरही वाचन ऐकता येते, पण रेडिओला मध्येच थांबवून अर्थ विचारता येत नाही. आजीला विचारता येतो.

आजच्या घरात ही रीत चालवायची तर जुन्या चाळीतले नियम पुरेसे आहेत. वेळ ठरलेली असावी आणि थोडी असावी. पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. जे हजर असतील त्यांच्यासाठी वाचावे, सगळे जमेपर्यंत थांबू नये. मजकूर एका बैठकीत संपेल असा निवडावा: एक कथा, एक प्रकरण, प्रवासवर्णनातला एक मुक्काम. वाचणारा बदलत राहावा. अडखळत वाचणाऱ्या मुलाला दर शब्दाला टोकू नये, नाहीतर पुढच्या दिवशी ते मूल पुस्तक हातात घेत नाही. डोळे अधू झालेल्या वडीलधाऱ्यांसाठी नातवंडांनी वर्तमानपत्र वाचावे. ज्या मुलांचे शिक्षण इंग्रजी माध्यमात होते, त्यांच्या कानांवर मराठीची लय पडण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

परळ हा रुग्णालयांचाही भाग आहे. केईएम १९२६ पासून आणि टाटा मेमोरियल १९४१ पासून इथे आहे. उपचारांसाठी लांबून आलेली कुटुंबे आठवडेच्या आठवडे इथे काढतात. अशा दिवसांतही वाचन सोबत करते. रुग्णाला वाचून दाखवताना निवड त्याची असावी, आवाज शेजारच्या खाटेवर त्रास होणार नाही इतका हळू असावा आणि रुग्ण थकला किंवा त्याला झोप लागली की पानात खूण घालून थांबावे. मजकूर ओळखीचा असला तर अधिक बरे, कारण ओळखीच्या गोष्टीत मधला एखादा भाग निसटला तरी धागा सुटत नाही.

दूर राहणाऱ्या नातवंडांना आता फोनवरून वाचून दाखवता येते. साधन नवे असले तरी मांडणी तीच आहे: ठरलेली वेळ, थोडा मजकूर, एक वाचणारा आणि मध्येच 'पुढे काय झाले' असे विचारणारे कोणीतरी.