गाडीच्या अंगावरचा हिवाळी मळ

संक्रांतीच्या सुमारास उसाच्या पट्ट्यातल्या कोणत्याही रस्त्याच्या कडेला सकाळी उभे राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहा. मोटारसायकल तांबडी की काळी, हे मालकालाच विचारावे लागते. ट्रॅक्टरच्या पत्र्यावर करडा पापुद्रा चढलेला असतो. दुधाच्या टेम्पोच्या पाठीवर धूर आणि धूळ मिळून काळसर साय धरलेली असते. पावसाळ्यातला चिखल परवडला, तो पुढच्या सरीबरोबर थोडा तरी वाहून जातो. हिवाळ्यातला मळ मात्र बसला की बसला! तो का बसतो आणि गाडीच्या रंगाला धक्का न लावता कसा काढावा, एवढेच आज सांगायचे आहे.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला हा उद्योग कशाला? मी भूगोल शिकवतो, पण हा धडा मला माझ्याच चुकीने शिकवला. हप्त्यांवर मोटारसायकल घेतली होती. पहिल्याच हिवाळ्यात, एका रविवारी, कोरडे फडके घेऊन मी टाकी खसाखसा पुसली. डाग हटेनात, म्हणून काथ्या आणि चिमूटभर राखही वापरली. दुपारच्या उन्हात पाहतो तर टाकीवर कोळ्याचे जाळे विणल्यासारखे बारीक ओरखडे! शेजारी एक ट्रकचालक राहत. ते म्हणाले, "सर, धूळ म्हणजे दगडच की हो. दगडानं गाडी पुसली तुम्ही."

वर्गात मी खनिजांची कठिणता शिकवत होतो आणि घरी हेच विसरलो होतो. फ्रीडरिक मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठिणतेची एक ते दहा अशी मापपट्टी बसवली. तिच्यावर आपल्या नखाची कठिणता सुमारे अडीच. आपल्या काळ्या पाषाणातल्या खनिजांची सहाच्या आसपास, आणि वाळूतल्या गारेची सात. गाडीचा रंग या सर्वांपुढे मऊच. शिवाय तो असतो किती? अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक लेप हे सगळे थर मिळून एका मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याइतके. तेवढे पातळ कवच पत्र्याला गंजापासून राखते. ते फुटले, की हवा आणि पाणी लोखंडापर्यंत पोहोचतात, आणि गंज एकदा आत शिरला म्हणजे रंगाखालून पसरत जातो. म्हणजे प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. ज्या गाडीवर घर चालते, तिच्या आयुष्याचा आहे.

पण हिवाळ्यातच हा मळ इतका का चिकटतो? त्याचे कारण दव. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, त्यामुळे रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते. पातळ पत्रा तर हवेपेक्षाही गार होतो आणि त्यावर दव धरते. दिवसभर बसलेली धूळ या दवाने भिजते. काळ्या मातीतली चिकण ओली झाली की पसरते आणि सकाळच्या उन्हात वाळली की सारवलेल्या भिंतीसारखी घट्ट होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा धूळ, पुन्हा दव. अशी रोज एक पुटे चढत जातात. त्यात डिझेलची काजळी, इंजिनाच्या तेलाचा अंश आणि नव्या रस्त्यावरचे डांबराचे शिंतोडे मिसळतात.

म्हणून पहिला नियम असा : मळाची जात ओळखा, मग उपाय करा. मातीला पाणी पुरते, तेलकटाला साबणी द्रव्य लागते आणि डांबराला तेल लागते. सगळ्यांवर एकच उपाय, म्हणजे जोर, हा मात्र कधीच करू नये.

गाडी सावलीत लावा आणि इंजिन गार होऊ द्या. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि त्याचेच डाग पडतात. आधी वरून खाली नुसते पाणी सोडा. फडके लावायची घाई करू नका. जिथे पापुद्रा घट्ट आहे, तिथे जुन्या सुती लुगड्याचा किंवा धोतराचा धुतलेला तुकडा ओला करून दहा मिनिटे अंथरून ठेवा. घरी करपलेले पातेले आपण आधी भिजत घालतो ना? तसेच हे. माती फुगून सुटली की पुन्हा पाणी ओता. निम्मे काम हात न लावता होते.

मग दोन बादल्या घ्या. एकीत गाडीसाठी मिळणाऱ्या सौम्य शांपूचे पाणी, दुसरीत नुसते साधे पाणी. मऊ फडके शांपूत बुडवायचे, हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायचे आणि पुन्हा शांपूत घालण्यापूर्वी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचे. खडे दुसऱ्या बादलीच्या तळाशी राहतात, गाडीवर परत येत नाहीत. सुरुवात वरून करावी. चाके आणि खालचा भाग शेवटी, आणि त्याला फडके निराळे. फडके खाली पडले, तर ते बाजूला ठेवा आणि दुसरे घ्या.

कपड्यांचा साबण का नको? आपल्याकडे पुष्कळ विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड असते. त्यातल्या क्षारांशी साबणाची गाठ पडली की फेस होण्याऐवजी चोथा होतो आणि तो रंगावर बसतो. धुण्याचा सोडा तर पॉलिशचा थरही काढून नेतो. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. एका बाटलीत पावसाचे साठवलेले पाणी, दुसरीत बोअरचे, दोन्हींत साबणाचा सारखाच कीस घालून हलवायचे. फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल. याच जड पाण्याचे थेंब गाडीवर वाळले, तर पांढरे ठिपके उरतात. म्हणून धुऊन झाल्यावर गाडी स्वच्छ मऊ कापडाने टिपून घ्यावी.

डांबराच्या ठिपक्यांना नखाने किंवा पात्याने खरवडू नका. कापसाच्या बोळ्याला थोडे गोडेतेल लावून तो ठिपक्यावर पाच-दहा मिनिटे धरा. डांबर मऊ होऊन उतरते. मग ती जागा शांपूने धुवा. पेट्रोल मात्र या कामाला वापरू नये. त्याची वाफ लांबूनही पेट घेते. पक्ष्यांची विष्ठाही दिसल्याबरोबर भिजवून काढावी. ती उन्हात राहिली, तर रंगावर कायमची खूण ठेवते.

ज्यांची मुले कॅनडात किंवा उत्तर अमेरिकेतल्या बर्फाळ भागात आहेत, त्यांनी तिथल्या गाड्या गंजतात असे ऐकले असेल. तिथे बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. साधे पाणी शून्य अंशाला गोठते, पण पुरेसे मीठ मिसळले तर ते उणे २१ अंशांपर्यंतही द्रव राहू शकते. रस्ता मोकळा होतो, पण तेच खारे पाणी गाडीच्या पोटाला लागून लोखंड खाते. आपल्या कोकण किनाऱ्यावर हे काम समुद्राचा वारा बारा महिने करतो. तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी गाडी खालून गोड्या पाण्याने वरचेवर धुवावी.

आणखी एक विनंती. गाडी नदीत, ओढ्यात किंवा तळ्यात उतरवून धुऊ नका. तेलाचा तवंग त्याच पाण्यावर येतो, जिथे खाली कोणी कपडे धुते आणि गुरे पाणी पितात. वर सांगितलेल्या रीतीने मोटारसायकलला तीन-चार बादल्या पुरतात, आणि शेवटचे पाणी बांधावरच्या झाडाला नव्हे, मोकळ्या मुरमाड जागेत मुरू द्यावे.

शेवटी, रोज गाडी धुणे कोणालाच जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पण एक गोष्ट रोज करावी. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या पहाटेच्या अंधारात, धुक्यात चालतात. त्यांच्या मागच्या तांबड्या चकत्या दुसऱ्याच्या दिव्याचा उजेड परत फेकतात, म्हणूनच मागचा माणूस वेळेवर थांबतो. त्या चकतीवर आपला हा हिवाळी मळ बसला की उजेड परत जात नाही, आणि भरलेली ट्रॉली अंधारात नाहीशी होते. रंग गेला तर पुन्हा देता येतो. माणूस परत आणता येत नाही.

तेव्हा निघण्यापूर्वी ओले फडके घ्या, आणि मागचा दिवा, चकती व नंबरपाटी एवढे तरी पुसा. शाळेतल्या मुलांना हे काम सांगितलेत, तर ती घरी जाऊन वडिलांच्या मागे लागतील, आणि ते काम फुकट जाणार नाही.