मोजणी यंत्रांच्या बॅटरीची निगा



पूर्वी आपल्याकडे जमिनीची मोजणी ३३ फुटी साखळी आणि फलक यंत्राने होत असे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हा हिशेब जुन्या मंडळींना आजही तोंडपाठ आहे. त्या साधनांना वीज लागत नव्हती. आता ईटीएस, रोव्हर आणि लेसर लेव्हलर ही यंत्रे आली. त्यामुळे काम अचूक व जलद होते. पण बॅटरी बसली की यंत्रही बसते. मोजणीचे शुल्क भरलेले, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेलेल्या, सर्वजण बांधावर हजर, आणि यंत्र बंद पडले तर पुढची तारीख घ्यावी लागते. गटाने लेव्हलर भाड्याने आणला असेल तर भाडे वाया जाते.

बॅटरी कामाने कमी आणि पडून राहिल्याने जास्त खराब होते, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. आपल्याकडे मोजणी व सपाटीकरणाची बरीच कामे रब्बीची काढणी झाल्यावर, पाऊस पडेपर्यंत चालतात. नंतर यंत्र पेटीत जाते. काम नसले तरी बैलाला वैरण घालावीच लागते. बॅटरीचेही तसेच आहे.

बॅटरीचा प्रकार ओळखा

बॅटरीवरील पट्टी वाचून प्रकार पाहावा, कारण प्रत्येकीची निगा वेगळी असते.

१) शिसे-आम्ल बॅटरी : ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी या प्रकारची. लेव्हलरच्या नियंत्रण पेटीला बहुधा तिच्यावरूनच वीज मिळते. ही बॅटरी उतरलेल्या स्थितीत ठेवल्यास प्लेटांवर कठीण पांढरा थर बसतो व ती पुन्हा पुरती चार्ज होत नाही. म्हणून ती पूर्ण चार्ज करूनच ठेवावी व दर महिन्याला तपासावी. विश्रांतीनंतर व्होल्टमीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली समजावी.

२) लिथियम बॅटरी : नव्या ईटीएस व रोव्हरमध्ये ही असते. ही मात्र पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नये. साधारण निम्मी चार्ज करून, यंत्रातून काढून, थंड व कोरड्या जागी ठेवावी.

३) निकेलच्या बॅटरी : जुन्या यंत्रांत आढळतात. पडून असताना त्या आपोआप उतरतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा चार्ज करून वापराव्यात.

"बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी" हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी होता. तो इतर दोन प्रकारांना लावल्यास त्यांचे आयुष्य घटते.

पाणी आणि टर्मिनल

झाकणाच्या शिसे-आम्ल बॅटरीत प्लेटा पाण्याखाली राहतील इतके डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे वा नळाचे पाणी घालू नये. आम्ल तर मुळीच घालू नये. टर्मिनल स्वच्छ करून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. चार्जिंगच्या वेळी ज्वालाग्राही वायू निघतो. म्हणून जागा हवेशीर असावी आणि जवळ विडी-काडी पेटवू नये. तारा सोडताना ऋण टोक आधी सोडावे व जोडताना शेवटी जोडावे.

कामाच्या दिवशी

खेड्यात विजेचा भरवसा नसतो. म्हणून बॅटरी आदल्या दिवशीच चार्ज करावी व एक जादा बाळगावी. रोव्हरसोबतचा कंट्रोलर आणि इंटरनेटसाठी लागणारा मोबाइल हेही चार्ज असावेत. त्यांपैकी एक बंद पडले तरी काम अडते. मे महिन्याच्या उन्हात बॅटरी बंद गाडीत ठेवू नये. ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी लेव्हलरची नियंत्रण पेटी बंद करावी. ईटीएसची बॅटरी मध्येच बदलल्यास यंत्राची पातळी व मागील खुणेचे वाचन पुन्हा तपासून घ्यावे. यंत्राला थोडासा धक्का लागला तरी पुढची सर्व मापे चुकतात, आणि त्यातूनच बांधाचे तंटे उभे राहतात.

बॅटरी केव्हा बदलावी?

समजा, शिसे-आम्ल बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची आहे आणि यंत्र अर्धा अँपिअर वीज घेते. कागदावर ती १४ तास चालेल; पण तिचे आयुष्य टिकावे म्हणून ७ तासच धरावेत. प्रत्येक बॅटरीवर खरेदीची तारीख लिहावी व ती किती तास चालली याची वहीत नोंद ठेवावी. चालण्याचा काळ नवेपणाच्या निम्म्यावर आला की ती बदलावी. फुगलेली लिथियम बॅटरी ताबडतोब बाजूला काढावी. ती टोचू, दाबू वा चार्ज करू नये.

जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ टाकू नये. शिसे व कॅडमियम विषारी आहेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा ती विक्रेत्याकडे परत द्यावी.

यंत्र गटाचे असेल तर पावसाळ्यापूर्वी बॅटरीची जबाबदारी एका माणसावर सोपवा आणि वही त्याच्याकडे द्या. सर्वांची म्हणून ठेवलेली बॅटरी कोणीच चार्ज करत नाही, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.