लेकरू कोणाच्या स्वाधीन करावे?
(मंडळाच्या महिला शाखेच्या विद्यमाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय काहींना घरगुती वाटेल. तो घरगुती आहेच. परंतु अहमदाबादेतील आपल्या तरुण कुटुंबांत रात्री उशिरापर्यंत खल चालतो तो ह्याच प्रश्नाचा, की आईवडील दोघेही कामावर गेल्यावर लहान मुलास सांभाळावयाचे कोणी?

पहिले उत्तर आपल्या ओठांवर तयार असते: आजी. परप्रांतात मुलाच्या कानांवर मराठी पडावयाची, तर आजीसारखी दुसरी शाळा नाही, हे मला मान्य आहे. पण ही आजी असते सांगलीस, नाहीतर नागपुरास. तिला इकडे बोलावून घेतले की तिकडे आजोबा डबा लावून जेवतात. सहा महिने एका बाजूची आजी, सहा महिने दुसऱ्या बाजूची, अशी पाळी आपण सर्रास लावतो. दुखऱ्या गुडघ्यांनी नातवामागे धावणाऱ्या त्या बाईस 'आई, तुम्हांला हे झेपेल ना?' असे कोणी विचारल्याचे मी फारसे ऐकलेले नाही.

दुसरा मार्ग घरी बाई ठेवण्याचा. मूल आपल्याच घरात राहते, त्याला सर्दीताप आला तरी दिवसाची घडी मोडत नाही. परंतु बंद दाराआड एक बाई आणि एक मूल, ह्यावर देखरेख कोणाची? शिवाय ती बाई स्वतःचे मूल कोठे ठेवून येते, हाही प्रश्न मला टोचतो. दिल्लीत मीरा महादेवन यांना तो १९६९ साली बांधकामाच्या जागी दिसला, आणि त्यांनी मजुरांच्या मुलांसाठी 'मोबाईल क्रेशेस' सुरू केली. आपल्या शहरात इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापिलेल्या 'सेवा' संघटनेनेही कष्टकरी स्त्रियांच्या मुलांसाठी बालसंगोपन केंद्रे उभारली. पांढरपेशांनी मात्र हा विषय घराच्या चार भिंतींतच ठेवला.

तिसरा मार्ग पाळणाघराचा. येथले लोक त्याला घोडियाघर म्हणतात. गिरण्यांच्या ह्या नगरीस तो नवा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ती संख्या तीसवर आणली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली, आणि आईस दिवसातून चार वेळा मुलास भेटण्याची मुभा मिळाली. पण रजा संपते तेव्हा मूल सहा महिन्यांचे असते. नुकते वरचे अन्न घेऊ लागलेले, अजून अंगावर पिणारे. पाळणाघर कचेरीपासून दूर असेल तर त्या चार भेटी कागदावरच राहतात.

अंगणवाडीचेही नाव घ्यावयास हवे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने पोषण, लसीकरण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण गरिबांच्या दाराशी नेले. मात्र ती काही तासांची असते. दिवसभर मूल ठेवण्यासाठी ती योजलेली नव्हती. अलीकडे 'पालना' योजनेत अंगणवाडीस पाळणाघर जोडण्याचे काम सुरू झाले आहे.

हे जोडणे एका मराठी बाईने फार पूर्वी करून दाखविले होते, आणि तिच्या कार्याचा पाया ह्याच गुजरातेत घातला गेला. 'मूछाळी मा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढले. तेथे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला. पुढे ताराबाई १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ साली कोसबाडास गेल्या, अनुताई वाघ यांच्या साथीने. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, ही त्यांची कल्पना. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना राखण्यासाठी घरी राहतात, हे ध्यानी आल्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटे पाळणाघरात विसावले की मोठीला पाटी हाती धरता येई. एका पोराच्या सांभाळावर दुसऱ्या पोरीचे शिक्षण अडलेले असते, हे ओळखणारी त्यांची दृष्टी मला कोणत्याही कायद्याहून मोलाची वाटते.

पाळणाघर निवडताना भिंतीवरील ससे-हरणे पाहून भुलू नये. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे निदान एक सांभाळणारी हवी, असे केंद्र सरकारची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. माझ्या मते दहादेखील अधिकच. आगाऊ न कळविता दुपारी दोन वाजता जाऊन पाहावे. मुले निजलेली असतात, तेव्हा बाया काय करीत असतात? संडास, पिण्याचे पाणी, बाहेरचे दार पाहावे. मूल कोणाच्या हाती देतात, ह्याची नोंद ठेवतात का, हे विचारावे. आयाबाई दर दोन महिन्यांनी बदलत असतील तर ते घर टाळावे. तान्ह्याला खेळण्यांपेक्षा ओळखीचा चेहरा लागतो. मूल गुजराती बोलू लागेल, ही भीती मात्र कोणी बाळगू नये. दिवसा 'बेन' आणि रात्री 'आई' म्हणण्याने कोणाची जीभ आजवर बिघडली नाही.

आता थोडे आपल्या सभागृहाविषयी. लग्नसराई आणि गणेशोत्सव सोडला तर ते सोमवार ते शुक्रवार दिवसा कुलुपात असते. तेथे पंधरा मुलांचे पाळणाघर चालविता येईल, असा प्रस्ताव महिला शाखेने कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. भाड्याचे उत्पन्न बुडेल, ही खजिनदारांची शंका रास्त आहे. म्हणून लग्नाच्या तिथींना मागची खोली वापरावी, असे आम्ही सुचविले आहे. तिला स्वतंत्र संडास मात्र बांधावा लागेल. ज्या पालकांना गरज आहे त्यांनी मुलांची नावे, वये आणि आपल्या कामाच्या वेळा महिला शाखेच्या चिटणीसांकडे लिहून द्याव्यात. तो आकडा हाती आल्यावाचून आयांच्या पगाराचा हिशेब मांडता येणार नाही.