वायरलेसवरचं बोलणं कुणी ऐकावं?

माझा भाचा सध्या लॅमिंग्टन रोडच्या खेपा घालतो आहे. त्याला स्कॅनर घ्यायचा आहे. स्कॅनर म्हणजे एक प्रकारचा रेडिओच. फक्त तो एका स्टेशनवर थांबत नाही. एकामागून एक लहरी चाचपत जातो आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे थबकतो. परदेशात हौशी माणसं त्यावर पोलिसांचं, अग्निशमन दलाचं, रुग्णवाहिकांचं बोलणं ऐकत आली. भाच्याने मला विचारलं, "मामा, कुठला घेऊ?"

मी म्हटलं, आधी कायदा बघ. १९३३चा वायरलेस कायदा असो की २०२३चा दूरसंचार कायदा, परवानगीशिवाय असली यंत्रं बाळगायची मुभा आपल्याकडे नाही. एके काळी घरातल्या साध्या रेडिओलाही लायसन्स लागत असे. टपाल कचेरीत जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का घ्यायचा. माझ्या पिढीच्या लहानपणापर्यंत हे चालू होतं. तो काच गेला, पण बाकीच्या यंत्रांचा नियम राहिला. २०२५ साली तर ऑनलाइन दुकानांतून विनापरवाना वॉकीटॉकी विकणाऱ्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटिसा धाडल्या.

दुसरी अडचण कायद्याहून मोठी आहे. जुनं वायरलेस म्हणजे चाळीच्या गॅलरीतून मारलेली हाक. त्या लहरीवर ज्याचं यंत्र लागलं, त्याला ती ऐकू येणार. आता आवाजाचे आकडे होतात आणि ते आकडे एका गुप्त किल्लीने कुलूपबंद करून हवेत सोडले जातात. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्याच यंत्रात पुन्हा त्यांचा आवाज होतो. बाकीच्यांना नुसती खरखर. मग तुमचा स्कॅनर पाच हजारांचा असो की पन्नास हजारांचा. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३पासून ही कुलपं लावायला सुरुवात केली, तेव्हा वर्षानुवर्षं स्कॅनर ऐकून घटनास्थळी धावणारे तिथले वृत्तछायाचित्रकार हवालदिल झाले. आपल्याकडचं वारंही त्याच दिशेचं आहे.

तर भाच्याला स्कॅनर मिळणार नाही. पण त्याच्या निमित्ताने मी विचार करत राहिलो, की हे बोलणं दुसऱ्या कुणी ऐकल्याने या शहराचं आजवर काय झालं?

बेचाळीसच्या चळवळीत पोलिसच ऐकणारे होते. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. जागा सारख्या बदलायच्या, कारण लहरींचा माग काढत पोलिस मागावर असत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातल्या पारेख वाडीत छापा पडला आणि तो आवाज थांबला. त्याच पोलिसांनी कान देऊन ती प्रक्षेपणं कागदावर उतरवून घेतली होती. पुरावा म्हणून घेतली असतील, पण आज त्या रेडिओवर काय बोललं गेलं ते आपल्याला कळतं ते बरंचसं त्या कागदांमुळेच.

पन्नास वर्षांनी उलटं झालं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींत या शहरात नऊशे माणसं मेली. त्या दिवसांत मी नुकता बी.ए. झालेला पोरगा होतो. त्याबद्दल मी कवितेतही फारसं लिहिलेलं नाही, इथेही बोलणार नाही. पण त्या जानेवारीत पोलिसांच्या वायरलेसवर काय चाललं होतं, याची ध्वनिफीत पुढे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगासमोर आली. आयोगाचा अहवाल १९९८ साली सादर झाला. मदतीसाठी गयावया करणाऱ्यांना, विशेषतः मुसलमानांना, पोलिसांकडून मिळालेला प्रतिसाद बेपर्वाईचा होता, असं आयोगाने त्यात स्पष्ट नोंदवलं आहे. माझ्यासारख्याने हे सांगितलं असतं तर 'तू तुझ्या लोकांची बाजू घेतोस' असं कुणीही म्हटलं असतं. ध्वनिफितीला तसं म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजू. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात दहशतवाद्यांचे सूत्रधार सीमेपलीकडे बसून टीव्हीवरचं थेट चित्रण बघत होते आणि फोनवरून इथल्या मारेकऱ्यांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या निकालात वाहिन्यांना त्याबद्दल खडसावलं. २०१५मध्ये अशा कारवायांच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. जवान कुठल्या जिन्याने चढताहेत, हे त्या क्षणी जगाने ऐकू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईचा पत्ता वायरलेसवरून सांगितला जातो, तोही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकायचं कारण नाही. त्या वेळेपुरतं कुलूप हवंच.

पण त्याच रात्री कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. मदत का पोचली नाही, असा प्रश्न अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांना पडला. त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली नियंत्रण कक्षाच्या संदेशांच्या नोंदी मिळवल्या, मिनिटामिनिटाची संगती लावली आणि २००९ साली 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक आलं. त्यातल्या मांडणीवर वाद झाला. व्हायला हरकत नाही. नोंद हाती होती म्हणून तो वाद तरी घालता आला.

म्हणून त्या क्षणी ऐकणं वेगळं आणि मागाहून ऐकणं वेगळं, असं मला वाटतं. पहिल्यावरचा हक्क मी सोडायला तयार आहे, दुसऱ्यावरचा नाही. शिकागोत पोलिसांचं बोलणं बंद केलं तेव्हा ते लोकांना अर्ध्या तासाच्या विलंबाने ऐकू द्यायची सोय ठेवली. आपण अर्धा तास नको म्हणू, सहा महिने म्हणू. पण कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे, नोंद पुसायची मुभाही त्यांच्याचकडे, असं असू नये. पूर्वी कुणी तरी बाहेरचा ऐकत असण्याची शक्यता होती. तिचा थोडा धाक होता. तो आता जातो आहे, तर त्याच्या जागी काही यायला हवं.

भाच्याला मी हॅम रेडिओची परीक्षा सुचवली आहे. बारा वर्षं पुरी झालेल्या कुणालाही ती देता येते. पास झालं की परवाना मिळतो, स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं आणि चोरून ऐकण्याऐवजी उघड बोलता येतं. २००४च्या त्सुनामीत अंदमानातून बाहेर निरोप पोचवणाऱ्यांत असेच हौशी लोक होते.

आणि ज्यांना यंत्रांत रस नाही, त्यांच्यासाठी एक काम आहे. आपल्या शहरातल्या नियंत्रण कक्षाचं ध्वनिमुद्रण किती दिवस ठेवलं जातं, ते कुणाच्या ताब्यात असतं, आणि ते पुसायचा आदेश कोण देतं, हे विचारता येतं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर चालतो. फी दहा रुपये आहे.